टोकावरचा डोळा

परशराम नोकरीतून सुटला त्या संध्याकाळी गळ्यातला हारही न काढता तो माळ्याच्या शिडीवर चढला. एका हातात सत्काराचा नारळ होता, तो तसाच. वर बटाट्याच्या बियाण्याची रिकामी पोती होती, एक मोडका स्टोव्ह होता, आणि ज्या कोपऱ्यात वाळूची टोपली असायला हवी होती तिथं फक्त तिचा गोल डाग होता.

"आण्णा, हितली टोपली कुठं हाय?"

खाली सोप्यात त्याचा थोरला भाऊ भावकू विळी पुसत बसला होता. सकाळपासून बियाण्याचे बटाटे कापून त्याची बोटं काळी पडली होती. त्यानं मान वर केली नाही.

"उतर आधी खाली. पडशील हारासकट, आन् दुसरा हार आणाय लागंल."

"टोपली कुठं हाय?"

"तुळशीपाशी. रिकामी. आतलं कंद कापून ठेवलोय राखंत घोळवून. पाच होतं, पाचाचं इस केलो. तुझ्या साऱ्या कालेजाला जमलं नसतं."

परशराम शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. पाय खाली घ्यावा की वर, हे त्याला क्षणभर कळेना.

"शेंडं कुठं हाईत?"

"कसलं शेंडं?"

"कंदाची दोन्हीकडची टोकं."

"ती व्हय? वाळकी, निमुळती? ती काढून टाकलो की. मेलेला भाग ठेवत्यात काय बियाण्याला? उकिरड्यावर टाकलो. दुपारी ट्रॉली भरून खत शेताकडं गेलं बी."

परशराम खाली उतरला. नारळ त्यानं चुलीपाशी ठेवला, हार काढून खुंटीला अडकवला आणि राखेचं घमेलं पुढं ओढून बसला. त्यात वीस तुकडे होते. बोटभर लांबीचे, दोन्ही बाजूंनी सफाईनं कापलेले. भावकूचा हात चांगला होता. हिंडलग्यात बटाट्याचं बियाणं त्याच्याइतकं नीट कोणी कापत नव्हतं. प्रत्येक तुकड्याला कोंब फुटायचा एक तरी डोळा राहिला पाहिजे, हे तो लहानपणापासून जाणत होता, आणि डोळा दिसला नाही तर तुकडा सारखा पाडायचा, जमीन आपलं बघून घेते, हेही तो जाणत होता. बटाट्याच्या बाबतीत ते खरं होतं.

टोपलीतले कंद मात्र कळलावीच्या वेलीचे होते, आणि त्यांना अंगभर डोळे नसतात. नांगरासारखा वाकलेला तो कंद, दोन फाट्यांचा, आणि प्रत्येक फाट्याच्या अगदी टोकाला एकच डोळा. तोही वाळल्यासारखा दिसणारा. ते टोक मोडलं की उरलेला कंद कितीही जाडजूड असो, जमिनीत तो नुसता कुजतो. ही गोष्ट परशरामला पाठ होती. कॉलेजात वर्षाला चाळीस मुलांपुढं सर ती सांगायचे तेव्हा कंद हातात धरून उभा तोच असायचा. घरी मात्र त्यानं ती एकदाही सांगितली नव्हती.

"तोंडात मूग धरून बसलास का रं?" भावकू म्हणाला. "वाढवून दिलो तुझं. इस वेली हुतील."

"एक बी व्हायची न्हाय," परशराम म्हणाला.

*

टिळकवाडीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो तेहतीस वर्षं शिपाई होता. कागदावर पद वेगळं होतं, काम हेच. काचेच्या बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकं मोजून कपाटात ठेवायची, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सायकलवर पोतं टाकून रान गाठायचं. पोरांना झाडं ओळखायला लागायची. झाड म्हणजे मुळासकट, फुलासकट, जमलं तर फळासकट. ती परशराम आणायचा.

कळलावी त्याला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सरांनी दाखवली होती. हिंडलग्याच्या पलीकडच्या माळावर, करवंदीच्या जाळीत. त्यानं ती लहानपणापासून बघितली होती, पण अशी नव्हती बघितली. सर म्हणाले, हिला काठीला बांधावं लागत नाही, धरून चढायला वेगळा तणावा फुटत नाही. पानाचं टोकच लांब होतं, वळतं, आणि दिसेल त्याला धरतं. मग त्यांनी फूल उलटं केलं. सहा पाकळ्या, सगळ्या मागं वळलेल्या, कडा लाटेसारख्या. कळी उमलते तेव्हा हिरवट, मग पिवळी, मग खालून पिवळी नि वरून तांबडी, आणि आठ-दहा दिवसांनी सगळंच फूल लालभडक. एकाच वेलीवर चार वयाची चार रंगांची फुलं. फुलाच्या मधली काडी सरळ न जाता बुडापाशीच काटकोनात वाकून बाहेर गेलेली. "हिची ओळख इथं आहे," सर म्हणाले होते. "बाकी सगळं विसरलात तरी ही वाकलेली काडी विसरू नका."

परशराम काहीच विसरला नाही. दर पावसाळ्यात चाळीस मुलांसाठी चाळीस वेली, कंदासकट. कंद दीड-दोन हात खोल जातो. तो न मोडता काढायचा म्हणजे अर्धा तास उकिडवं बसायला लागतं. तो बसायचा. कंद अख्खा आला की त्याला अभिमान वाटायचा. भावकू बटाटा काढताना टिकाव लागू देत नाही, तसाच आपलाही हात आहे असं त्याला वाटायचं. पोरं कंद बघायची, चित्र काढायची, आणि संध्याकाळी तो सगळा ढीग तोच कचऱ्यात टाकायचा. ही वेल वरून दरवर्षी मरते आणि खालच्या कंदातून दरवर्षी पुन्हा येते. बारा-पंधरा वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही की आपण खालचंच काढतोय.

मग एका वर्षी माळावर बारा वेली मिळाल्या. पुढच्या वर्षी तीन. त्याच्या पुढच्या वर्षी तो करवंदीच्या जाळीतून हात ओरबाडून रिकामा परत आला आणि मॅडमना म्हणाला, "संपली बघा." तोवर म्हातारे सर जाऊन प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे मामा, फोटोवर भागवू." इतकंच. ज्यांच्यासाठी माळ रिकामा झाला त्यांचं फोटोवर भागत होतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कपाटात वाळवून चिकटवलेल्या शंभरावर कळलावी होत्या. प्रत्येक कागदावर खालच्या कोपऱ्यात 'संकलक' असा शब्द आणि पुढं कुठल्या ना कुठल्या सरांचं नाव. परशरामचं नाव एकावरही नव्हतं. पूर्वी त्याचा त्याला राग यायचा. आता वाटायचं, नाही तेच बरं.

एक जागा मात्र त्यानं कॉलेजला कधीच सांगितली नव्हती. त्याच्या स्वतःच्या शेताचा बांध. तिथं पाच वेली होत्या, आणि दरवर्षी गौरी आणायच्या दिवशी त्याची बायको अंबूबाई तिथूनच दोन फुलं खुडायची. त्यांच्या घरात गौरीची जुडी तेरड्याची, आणि हात कळलावीच्या फुलांचे. ती वळलेली तांबडी-पिवळी बोटं लावल्याशिवाय गौर उंबरा ओलांडत नसे. चाळीसची मागणी होती त्या वर्षांतही तो बांधाला हात न लावता पार खानापूरपर्यंत सायकल मारत गेला होता. भावकूला ते कळलं असतं तर तो म्हणाला असता, दारात असताना गावभर हिंडतोय, येडा न्हवं तर काय. म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं.

*

माघात बांधावर पिवळ्या रंगाचे दगड आले. नवा रस्ता बांधाच्या कडेनं जाणार होता. शेत वाचलं, बांध गेला. वेली तेव्हा वाळून नाहीशा झाल्या होत्या. पण दरवर्षी फुलं संपली की परशराम वेलींच्या जागेची खूण म्हणून बांधावरच्या निवडुंगाला एकेक चिंधी बांधून ठेवायचा. त्या चिंध्यांखाली तीन सकाळी उकरून त्यानं पाच कंद काढले. एकाचंही टोक मोडलं नाही. आठवड्यानं जेसीबी आला.

कंद अंगणात लावावेत असं त्याच्या मनात होतं. अंबूबाईनं कमरेवर हात ठेवले.

"ह्या अंगणात? कळलावी? अवो, शाणं हाय काय तुम्ही? घरात कळ लागती तिनं."

"गौरीला चालती न्हवं?"

"गौर अडीच दिवस असती. मी बारा म्हैनं ऱ्हाते हितं. आधीच तुम्ही दोघं भाऊ एकमेकाशी बोलत न्हाईसा, आन् आणखी काय लागाय पायजे?"

ते खरं होतं. भावकूची बायको गेल्यापासून तिघांचं जेवण एकाच चुलीवर होतं, पण दोघा भावांचं बोलणं 'भाकरी सरकव'च्या पुढं जात नव्हतं. भावकूच्या लेखी परशराम गवत राखायचा पगार घेत होता. परशरामच्या लेखी भावकूला बटाट्यापलीकडं जग नव्हतं. त्यामुळं कंद माळ्यावर गेले, वाळूत, बियाण्याच्या पोत्यांशेजारी. पाऊस लागला की नव्या बांधाच्या आत, विहिरीच्या कडेला लावायचे असं त्यानं ठरवलं. एक वाक्य सांगायला हवं होतं: आण्णा, त्या टोपलीला हात लावू नको. चार महिने रोज जेवताना ते वाक्य त्याच्या जिभेवर येत होतं आणि भाकरीबरोबर खाली जात होतं. भाऊ विचारील तेव्हा सांगू. भाऊ कशाला विचारील?

आणि अंबूबाईनं मे संपताना भावकूला सहज सांगितलं, "तेन्ला ते लावायचं हाय म्हणं, पाऊस पडला की." भावकूनं ते ऐकलं. धाकटा भाऊ आज नोकरीतून सुटणार, हार घालून येणार, आपण त्याच्यासाठी काही करावं, असं त्याला त्या सकाळी वाटलं. त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. ती त्यानं मन लावून केली.

*

"एक बी व्हायची न्हाय म्हंजे?" भावकूनं विळी बाजूला ठेवली.

परशरामनं सांगितलं. तुकडा हातात घेऊन, डोळा कुठं असतो, कुठं नसतो, पानाचं टोक कसं वळतं, सगळं. तेहतीस वर्षं जे चाळीस मुलांना सांगताना ऐकलं होतं ते त्याच शब्दांत. सांगताना त्याचा आवाज चढत गेला आणि शेवटी अंबूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

भावकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग हे आधी कुणी सांगायचं? मी का देव हाय?"

परशराम उठला आणि शेताकडं गेला. दीड एकरात खताचे ढीग पडले होते, काही पसरूनही झाले होते. त्यानं तिन्हीसांजेपर्यंत बोटांनी खत चिवडलं. शेणात, पाचटात, बटाट्याच्या सालीत नखाएवढी दहा टोकं. त्याला दोन सापडली. एक मोडलेलं होतं, दुसरं ट्रॉलीच्या चाकाखाली चेंगरलेलं. आठ राहिली. सकाळी भावकूनं सऱ्या सोडल्या, बियाणं टाकलं, माती ओढली.

वीस तुकडे परशरामनं तरीही लावले. विहिरीच्या कडेला, वाळू-मातीच्या वाफ्यात, एका ओळीत. उगवणार नाहीत हे माहीत असताना लावले आणि रोज सकाळी जाऊन बघितले. आता सकाळी जायला दुसरं कुठं नव्हतंच. आषाढाच्या सुरुवातीला त्यानं एक उकरला. बोटानं दाबला तर पाणी आलं. दुसरा उकरला. सगळे उकरले. सगळ्यांना तोच वास.

त्यानं मॅडमना फोन केला.

"बी लावा ना मामा," त्या म्हणाल्या.

"लावलो होतो की, दोनदा, कालेजातल्या बागंत. पयल्या वर्षी नुसतं एक पान येतं गवतासारखं. तपासणीला माणसं येणार म्हणून माळ्यानं उपटून टाकलं. दोन्ही येळेला."

"हो का? मला माहीतच नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "तमिळनाडूत शेती करतात हिची. कंद मागवता येतात. झाड तेच आहे, मामा."

"व्हय. तेच हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ते झाड तेच आहे हे त्याला कळत होतं. सहा पाकळ्या, वाकलेली काडी, सगळं तेच. पण माळ त्यानं रिकामा केला होता. तो तमिळनाडूच्या पार्सलानं भरून निघत नव्हता, हे मॅडमना कुठल्या शब्दांत सांगायचं?

*

बटाट्याची भांगलण, तण काढणी, चालली होती. एका दुपारी भावकू शेतातून आला, पायाचा चिखलही धुतला नाही, सरळ परशरामपुढं उभा राहिला आणि मूठ उघडली.

"ही कसली रं?"

वीतभर कोंब होता. सुकलेला. चार पानं, देठ नसलेली, थेट कांडीला चिकटलेली, आणि सगळ्यात वरच्या पानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं. त्या आकड्यात बटाट्याच्या पानाचा एक तुकडा अजून अडकलेला होता. उपटतानाही त्यानं सोडला नव्हता.

"कोण उपटलं?"

"मीच. गवत म्हणून. हातात आल्यावर शेंडा बघिटलो." भावकू म्हणाला, "तू म्हणालतास न्हवं, पान वळतंय म्हणून."

परशरामनं कोंबाचं बूड बघितलं. पांढरं, तुटलेलं. खाली कंद नव्हता. म्हणजे टोक जमिनीतच राहिलं होतं, बहुतेक. पण डोळा एकच असतो, आणि तो डोळा म्हणजे हाच कोंब होता.

"जागा ध्येनात हाय?"

"काठी रोवून आलोय."

दोघं शेतात गेले. तेरावी सरी, वरून तिसऱ्या झाडापाशी भावकूची काठी होती. परशरामनं वाकून बघितलं. ओली माती, एक लहान भोक, त्यात एक मुंगी.

"पुन्हा येतंय काय?"

"कंदाचं टोक जगलं आसंल तर जमिनीच्या आत कवा कवा नवा डोळा धरतं. न्हायतर न्हाय. ह्या वर्षी काय दिसायचं न्हाय."

"आन् बाकीची सात?"

भांगलणीच्या बायका चार दिवसांपासून शेतात होत्या आणि नव्या बांधावर उपटलेल्या तणाचे ढीग उन्हात वाळत होते. परशरामनं ते सगळे विसकटून बघितले. ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं.

गौरी आल्या तेव्हा अंबूबाईनं बाजारातून खानापूरकडच्या बायकांकडून फुलं आणली. गौर उंबरा ओलांडून आत आली. परशरामनं फुलं हातात घेऊन बघितली. लालभडक, आठ दिवसांची, खुडून दोन दिवस झालेली. कोणाच्या तरी बांधावरची. वेलीसकट ओढली असतील की नुसती खुडली असतील, हे फुलावरून कळत नव्हतं.

"काय बघालासा?" अंबूबाई म्हणाली.

"काय न्हाय."

"मग द्या हिकडं. देवीचं हात हाईत ते."

*

बटाटा काढायला ट्रॅक्टर आला. फाळ जमिनीत घालून तो पोरगेला ड्रायव्हर वाऱ्यासारखा निघाला, आणि तेराव्या सरीच्या तोंडाशी भावकू दोन्ही हात पसरून त्याच्या आडवा उभा राहिला.

"हितनं उचल. फाळ उचल. त्या काठीच्या पुढं जाऊन टाक."

"का वो आप्पा? खाली दगूड हाय काय?"

"हाय समज. उचल."

फाळ वर झाला, काठीवरून गेला, पुढं पुन्हा जमिनीत शिरला. चार हात लांब, दोन हात रुंद असा एक तुकडा तसाच राहिला. त्यात बटाट्याची सहा झाडं होती, न काढलेली. ज्यानं आयुष्यात एक वरंबा मोकळा सोडला नव्हता तो माणूस त्या तुकड्याकडं बघत उभा होता, कुणीतरी आपली फसवणूक केल्यासारखा.

"सहा झाडं गेली," तो म्हणाला. "कमीत कमी तीन किलो."

"हातानं काढू या की. हळू."

"नको. धक्का लागंल." मग जरा वेळानं, "उकरून बघू काय? बोटानं? हाय का न्हाय ते तरी कळंल."

परशराम उकिडवा बसला. अर्धा तास बसून दीड हात खोल जायचं त्याच्या बोटांना माहीत होतं. माती भुसभुशीत होती. बोटं मातीला टेकली आणि तिथंच राहिली. खाली काही असलंच तर ते नखाएवढं होतं, आणि त्याला एकच टोक होतं.

"कळंल," तो म्हणाला. "पण बघितल्यावर ऱ्हाईल का न्हाय, ते सांगता येत न्हाय."

"म्हंजे जूनपतोर हितं मी काय बी करायचं न्हाय?"

"न्हाय."

"नांगर न्हाय, मिरची न्हाय, पाणी न्हाय?"

"पाणी तर अजिबात न्हाय. कुजतं."

"आन् जूनात काय आलं न्हाय तर?"

परशराम उठला. गुडघे वाजले. खिशात कॉलेजातून आणलेल्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, बागेतल्या झाडांना अडकवायच्या, कोऱ्या. एक काढून त्यानं खिळ्यानं तारीख कोरली. झाडाच्या नावाची जागा आणि संकलकाची जागा त्यानं तशीच सोडली आणि पट्टी काठीला तारेनं बांधली.

"नुसती तारीख?" भावकूनं वाकून बघितलं. "नाव घाल की झाडाचं."

"झाड कुठं हाय अजून?"

भावकूनं तोंड वाकडं केलं. ट्रॅक्टर टोकाला जाऊन वळला होता, परत येत होता. भावकू पुन्हा काठीच्या पुढं जाऊन उभा राहिला, हात पसरून, आणि ड्रायव्हरनं लांबूनच फाळ उचलला तरी तो जागचा हलला नाही.